तापविहिरीची कडी

माझ्या कारखान्यात यायचं तर बोटातली अंगठी, मनगटातलं कडं, खिशातली नाणी, सगळं दारातल्या ट्रेमध्ये काढून ठेवावं लागे. साबणाने हात धुऊन आलेल्या माणसालाही मी हातमोजे घातल्याशिवाय यंत्राजवळ फिरकू देत नसे. कोल्हापूरजवळच्या शिरोळीच्या औद्योगिक वसाहतीत त्यावरून माझी भरपूर थट्टा व्हायची. 'इंगवल्यांच्या कारखान्यात सोवळं असतंय,' असं शेजारचे फाउंड्रीवाले म्हणत. म्हणोत बापडे. ते पंपांचे सांगाडे ओतत होते आणि मी कड्या बनवत होतो. पंप गळला तर पाणी सांडतं. माझी कडी गळली तर काय होतं, हे मला कागदावर माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे असं मी समजत होतो.

कडी म्हणजे सील. सील म्हटलं की लोकांना प्रेशर कुकरची रबरी रिंग आठवते, आणि त्यात काही चूक नाही. दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर कितीही दाबून धरली तरी मध्ये फट राहतेच. हाताला काचेसारखा गुळगुळीत लागणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांनी भरलेला असतो आणि वाफ त्या दऱ्यांतून बरोबर वाट काढते. रबर मऊ असल्यामुळे त्या दऱ्या बुजवतं, पण अडीच-तीनशे अंशांच्या पुढे ते जळून जातं. तिथून पुढे धातूच लागतो. धातूची पातळ पट्टी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकवायची आणि तिची गोल कडी करायची. वरून चांदीचा मुलामा द्यायचा. मऊ चांदी दऱ्या बुजवते आणि आतली पट्टी स्प्रिंगसारखी चांदीला दाबून धरते. 'सी'चं उघडं तोंड वाफेकडे ठेवतात, म्हणजे वाफच त्या पन्हळीत शिरून कडीला आणखी फाकवते.

अडचण एवढीच, की सततच्या उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो, जुन्या पायजम्याच्या इलास्टिकसारखा. मग यंत्र थंड करा, उघडा, कडी बदला. वाकवलेली कडी दुसऱ्यांदा वापरता येत नाही. बारा वर्षं डोकं खपवून मी जी कडी बनवली ती निकेल, टायटॅनियम आणि हाफ्नियमच्या मिश्रधातूची होती. या धातूला स्मरणशक्ती असते. भट्टीत त्याला एक आकार एकदा 'शिकवला' की पुढे कितीही दाबा, तापला की तो त्या आकाराकडे परत जायला बघतो. मी माझ्या कड्यांना फाकलेला आकार शिकवला होता. त्यामुळे इतर कड्या तापल्या की ढिल्या पडत, आणि माझी कडी तापेल तितकी जास्त घट्ट बसे.

त्या कडीमुळे कोकणातल्या तापविहिरी शक्य झाल्या. पाच किलोमीटर खोल भोक पाडायचं आणि साडेचारशे अंशांची, भयंकर दाबाखालची वाफ वर आणून तिच्यावर वीज करायची. पूर्वी दर तीन महिन्यांनी विहीर बंद ठेवावी लागे. माझी कडी आली आणि विहिरी अखंड चालू लागल्या. चाळीस विहिरी, एक कडी गळली नाही. महाराष्ट्राचे निम्मे कोळसा-प्रकल्प बंद झाले. माझे सत्कार झाले, शालींनी कपाट भरलं. विहिरींवर बोल्ट पुन्हापुन्हा आवळणाऱ्या टोळ्या असत, त्यांना विहिरी चालवणाऱ्या कंपनीने घरी पाठवलं, कारण आता आवळायचं कारणच उरलं नव्हतं. कंपनीच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कडी चुकत नाही.' मला ते वाचून छाती फुगल्यासारखं व्हायचं. खोटं कशाला सांगू?

आमचा ओजस, एकुलता एक, त्याच कंपनीत अभियंता म्हणून लागला. कुंडवाडीच्या नव्या विहिरीवर कडी बसवायचं आणि पहिल्यांदा, एकदाच, बोल्ट आवळायचं काम त्याच्याकडे आलं. कडी न्यायला तो स्वतः शिरोळीला आला होता. त्याची आई सुचेता त्या दिवशी कारखान्यात आली. आमच्याकडे कडी बाहेर पडताना तिच्या पेटीला हळदकुंकू वाहून नारळ फोडायची पद्धत होती आणि ते काम पहिल्यापासून सुचेताचं. पेटीला, कडीला नव्हे, हा माझा नियम. पोरगा जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, तुमची कडी आणि माझे बोल्ट. आता बघा वीज."

विहीर सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा कडी फुटली. इतकी तापलेली वाफ डोळ्याला दिसत नाही. ओजस आणि त्याच्याबरोबरचे दोन तंत्रज्ञ, मांडवकर आणि फणसोपकर, विहिरीच्या तोंडावरच्या झाकणाजवळ उभे होते. तिघेही जागच्या जागी गेले. आम्हाला मुलाचं तोंड बघू दिलं नाही.

चौकशी डॉक्टर पल्लवी सोहोनी यांच्याकडे होती. पुण्याच्या, हुशार, सरळ बाई. त्यांनी संगणकात अख्ख्या विहिरीची प्रतिकृती उभी केली आणि हजारो वेळा फोडून पाहिली. संगणकाला आधी सांगावं लागतं, की कुठला भाग किती वेळा दगा देतो. चाळीस विहिरींत कडीने एकदाही दगा दिलेला नव्हता, म्हणून कडीच्या नावापुढे शून्य घातलं गेलं. मग दोष जायला एकच जागा उरली. अहवालात लिहिलं होतं, की बोल्ट असमान आवळले गेल्यामुळे कडीवर एका बाजूला भार आला. बोल्ट ओजसने आवळले होते.

वर्षश्राद्धाच्या सुमारास कुंडवाडीला कंपनीने एक शिळा बसवली. तिच्यावर दोन नावं होती. आम्ही दोघं मागे उभे होतो. कार्यक्रम संपल्यावर सुचेता मांडवकरच्या वडिलांकडे गेली. तिने हात जोडले. म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचा पोरगा गेला, वाईट झालं. पण त्याने काम धड केलं असतं तर माझा आज घरी असता. माझा तर नुसता बाजूला उभा होता." त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून नेलं.

परतीच्या वाटेवर आमची गाडी आंबा घाट चढली. सुचेता म्हणाली, "ओजस बोल्ट आवळताना चुकणार नाही. लहानपणी सायकलची चेन चढवली तरी तीनदा बघायचा."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक असून काय उपयोग? तुम्ही एवढे कडीवाले. शोधून काढा की. मेला ते मेला, वर दोन जीवांचं पाप त्याच्या कपाळी लावून ठेवलंय."

"आणि कडीत दोष निघाला तर? कारखाना बंद होईल."

"होऊ दे बंद. मला माझ्या पोराचं नाव त्या दगडावर पाहिजे."

त्या दिवसापासून तिने माझ्यामागे धोशाच लावला. चहा देताना, दिवा लावताना, एकच प्रश्न. "काय सापडलं काय?" मला राग यायचा. पण तिचं खरं होतं, आणि मलाही तेच हवं होतं. मी कंपनीकडे फुटलेल्या कडीचे तुकडे मागितले. निर्मात्याला तुकडे मागायचा हक्क असतो. दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर एका डबीत ते आले.

विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः तुकडे लावले. भेगेच्या कडा पाहिल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की बोल्टांचा काही संबंध नाही. जादा भाराने फाटलेला धातू आधी ओढला जातो, त्याच्या कडा चिंध्यांसारख्या दिसतात. ही कडी ओढली गेलीच नव्हती. ती बिस्किटासारखी मोडली होती, कण कणापासून सुटा होऊन. माझा ओजस निर्दोष होता. मी प्रयोगशाळेत एकटाच होतो, आणि मी ओक्साबोक्शी रडलो. तासाभरात सुचेताला फोन करून सांगायचं, असं मनात ठरवलं. फक्त भेग कशाने पडली तेवढं बघायचं राहिलं होतं.

भेगेचा उगम पन्हळीच्या आत होता. तिथे यंत्राने शिसं दाखवलं.

निकेलच्या मिश्रधातूला शिशाचं वावडं असतं. शिसं सव्वातीनशे अंशांना वितळतं. चांदी त्यात चहातल्या साखरेसारखी विरघळते. मुलामा गेला की ते वितळलेलं शिसं धातूच्या कणांमधल्या सांध्यांत शिरतं, विटांच्या भिंतीतला चुना ओल खाऊन जावा तसे सांधे जातात. धातू जितका जास्त ताणलेला असेल तितकं शिसं लवकर आत घुसतं. जुन्या पद्धतीची ढिली पडणारी कडी असती तर थोडी गळली असती, कोणाला तरी कळलं असतं, विहीर बंद केली असती. माझी कडी तापून तापून फाकायला बघत होती, आणि म्हणून एका क्षणात आरपार गेली.

पण शिसं आलं कुठून? माझ्या कारखान्यात शिशाचा कण नव्हता. त्याच्याचसाठी तर ते सोवळं होतं. मी यंत्राला डागाचा नकाशा काढायला सांगितला. पडद्यावर हळूहळू एक ठिपका उमटला. लांबट गोल, बोटाच्या टोकाएवढा. शिशाभोवती जळलेल्या तेलाची काजळी होती.

मी घरी आलो. सुचेता भाजी निवडत होती.

"जेवलासा?" ती म्हणाली. "काय सापडलं काय?"

"अजून नाही." मी तिच्यासमोर बसलो. "ओजसची कडी पेटीत भरली तेव्हा जवळ कोण होतं गं?"

"मीच की. दुसरं कोण येणार? तुम्ही त्याला कागदपत्रं द्यायला ऑफिसात गेला होता."

"पेटीला कुंकू लावलंस ना?"

"कुंकू होय. दरवेळी लावते ते." तिचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जरासं हसू आलं. "आता सांगते, ओरडू नका. माहेरच्या मारुतीचा शेंदूर आणला होता, त्याच्याचसाठी. बाजारातला नव्हे, तो नुसता रंग असतोय. गुरवाकडचा अस्सल, मूर्तीच्या अंगावरचा. पेटी अजून उघडी होती. कडीलाच लावला बघा. तुम्हाला दिसला तर पुसाल, म्हणून आतल्या अंगाला लावला."

"किती?"

"चांगला बोटभर. म्हटलं, त्या कडीसमोर माझं पोर उभं राहणार आहे." तिने पदराने डोळे पुसले. "तरी बघा की काय झालं."

"आणखी कुठल्या कडीला कधी लावलास?"

"छे. बाकीच्यांना कुंकू, ते पण पेटीला. तुमचा नियम मला ठाऊक नाही होय?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिलो. अस्सल शेंदूर म्हणजे शिसंच, प्राणवायूशी जोडलेलं. विहिरीच्या वाफेत थोडा हायड्रोजन असतो. तो त्या शेंदरातला प्राणवायू काढून घेतो आणि मागे निव्वळ शिसं उरतं. बाजारातला रंग असता तर जळून गेला असता. ती अस्सल शोधायला माहेरी गेली होती.

उरलेल्या चाळीस विहिरींना धोका नव्हता, एवढं तिच्या बोलण्यावरून पक्कं झालं. म्हणजे मी गप्प बसलो असतो तरी आणखी कोणी मेलं नसतं. फक्त ओजस दोषी राहिला असता. आणि सुचेता रोज विचारत राहिली असती. खरं सांगितलं असतं तर ओजसचं नाव त्या शिळेवर लागलं असतं, आणि ते तिच्या बोटाने त्याला मारलं या बातमीबरोबर लागलं असतं. मी तिला तीस वर्षं ओळखतो. ते ऐकून ती जगली नसती. जगली असती तरी ते जगणं मी बघू शकलो नसतो. आठवडाभर मी त्या दोन वाटांमध्ये येरझाऱ्या घालत होतो. अन्न गोड लागत नव्हतं. ती म्हणायची, "कसलं टेन्शन घेतलंय एवढं? सापडेल हो, सापडेल."

शेवटी मला तिसरा रस्ता दिसला. चांगला नव्हता, पण दुसरा नव्हता.

पुण्याला जाऊन मी सोहोनीबाईंसमोर नकाशा ठेवला. "बोल्टांचा दोष नाही," मी म्हणालो. "कडीत शिसं गेलं. माझ्यामुळे. कड्यांवर ओळखीची खूण करायला मी शिशाचा जुना लाल रंग वापरला. घाईत होतो. चुकून त्या एकाच कडीला लागला."

त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "इंगवले साहेब, तुमच्या कारखान्यात मी तीन वेळा तपासणीला आले आहे. तुम्ही मला घड्याळ काढायला लावलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही शिशाचा रंग वापरलात. पन्हळीच्या आत, जिथे खूण कोणाला दिसणार नाही. बोटाने."

 त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलेना. 

"तुमच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला होईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन माणसांचा. त्यातला एक तुमचा मुलगा आहे. तुम्हाला हेच लिहून द्यायचं आहे?"

"हेच."

त्यांनी माझ्याकडे कागद सरकवला. मला वाटतं, त्यांना समजलं होतं. त्यांनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन.

त्यानंतर सगळं भराभर झालं. कारखान्याला टाळं लागलं. वर्तमानपत्रांनी माझा सत्काराचा जुना फोटो छापला आणि खाली 'तिघांचा बळी घेणारा निष्काळजीपणा' असं लिहिलं. फाटकावरची ती पाटी कंपनीने उतरवली. मला अटक झाली, जामीन झाला. शेजारचे फाउंड्रीवाले आता मला बघून थट्टा करत नाहीत, रस्ता ओलांडून पलीकडे जातात. कुंडवाडीच्या शिळेवर ओजसचं नाव कोरलं गेलं. मांडवकरचे वडील एसटीने कोल्हापूरला आले आणि सुचेताच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. तिने त्यांना उचललं, पाणी दिलं, जेवू घातलं. मी आतल्या खोलीत होतो. म्हातारा जाईपर्यंत मला बाहेर यायची हिंमत झाली नाही.

सुचेता माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन बसायची. 'काय सापडलं' हा प्रश्न संपला होता. दुसरा कुठलाही प्रश्न तिला मला विचारायचा नव्हता. कधीकधी जेवताना मी तोंड उघडायचो. सगळं सांगून टाकावं, निदान तिने माझ्याकडे बघावं, असं फार वाटायचं. मग मी पाणी पिऊन पुढचा घास घ्यायचो.

खटल्याची तारीख लागली त्या दिवशी सकाळी तिचा भाऊ गडहिंग्लजहून गाडी घेऊन आला. तिने बॅग भरूनच ठेवली होती. भाऊ बॅग घेऊन बाहेर गेला आणि ती दारात थांबली. खूप दिवसांनी तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खूण करायची काय अडली होती? एवढा सगळ्यांना हात धुवायला लावणारा माणूस तुम्ही."

"चुकलं," मी म्हणालो.

"मी त्या कडीला देवाचा शेंदूर लावला होता हो. म्हटलं होतं, आता माझ्या पोराला काही होत नाही." तिचा आवाज चढला नाही. "पण तुमचा रंग देवालाही पुरून उरला."

"हो," मी म्हणालो.

ती पायऱ्या उतरून गाडीत बसली.